बोटीचा खरखरीत डेक रंगवायचाय? आधी खाचा बघा

(आपल्या ताज्या एपिसोडचं हे लिखित रूप. बोलण्याच्या ओघातले ‘म्हणजे’, ‘तर मग’ थोडे कमी केलेत, बाकी जसंच्या तसं. ज्यांना ऐकायला वेळ नाही, किंवा हातात घासायचा ब्रश आहे आणि मोबाइल समोर उभा करून वाचायचंय, त्यांच्यासाठी.)

०:०० – सुरुवात

लोकलच्या दारात उभे राहून ऐकत असाल तर आधी दोन पावलं आत या. आजचा विषय घसरण्याचाच आहे.

मला ओळखता तुम्ही. बी.टेक. केलं, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी, राहायला घाटकोपर. बोटीशी माझा तसा काही संबंध नाही. पण कॉलेजातला माझा एक मित्र वेसावे कोळीवाड्यातला. घाटकोपरहून मेट्रोत बसायचं, वर्सोव्याला शेवटच्या स्टेशनवर उतरायचं, पुढे रिक्षा. रविवारची ही माझी ठरलेली वारी. त्याच्या घरची छोटी बोट आहे, सव्वीस फुटी, फायबरची. बोट त्याचे बाबा चालवतात, मी त्यांना काका म्हणतो.

डिसेंबरातली गोष्ट. पहाटे जाळं ओढताना काका पुढच्या डेकवर घसरले. नशीब, बोटीतच पडले, पाण्यात नाही. पण डाव्या हाताचं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर, ऐन हंगामात. तुमच्या-माझ्यासारखा माणूस एका हाताने लॅपटॉप चालवेल, एका हाताने जाळं कसं ओढणार?

आता मुख्य गोष्ट सांगतो. तो डेक त्याआधीच्या जुलैमध्ये रंगवला होता. कुणी? मी आणि माझ्या मित्राने. दोन रविवारात. फोटोही टाकले होते, भरपूर लाइक आले होते. डिसेंबरपर्यंत त्या रंगाचे पोपडे उडाले होते. काका म्हणाले, “रंग नाय रं पोरा, खवलं लावली होतीस तू. धरलं की निघतात.”

म्हणून आजचा एपिसोड रंगाबद्दल नाही. रंगाच्या आधी काय करायचं, याबद्दल आहे. आमचं जे चुकलं ते सगळं तिथेच चुकलं.

२:४० – खरखरीत डेक म्हणजे नक्की काय?

बोटीच्या डेकवर पाणी असतंच. शिवाय माशांचा चिकट बुळबुळीतपणा, डिझेल, इंजिन ऑइल. गुळगुळीत पृष्ठभागावर याचा एक पातळ थर बसतो आणि पाय डेकवर न टेकता त्या थरावर टेकतो. म्हणून डेक मुद्दाम खरखरीत करतात. उंचवटे त्या थरातून वर डोकं काढतात आणि तळपायाला धरतात, तर पाणी खालच्या खाचांमध्ये निघून जातं. म्हणजे या डेकला उंचवटे आणि खाचा दोन्हींची गरज आहे. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे सारखं लागणार आहे.

हा खरखरीतपणा दोन प्रकारांनी येतो.

पहिला प्रकार : फायबरची बोट साच्यात बनवताना साच्यातच नक्षी असते. छोटे शंकरपाळ्यासारखे चौकोन, किंवा बारीक ठिपके. बाहेरचा जो चकचकीत कडक थर असतो, ज्याला जेलकोट म्हणतात, त्यातच ही नक्षी उमटते.

दुसरा प्रकार : रंगात वाळू किंवा कडक दाणे मिसळतात, किंवा ओल्या रंगावर दाणे पसरून वरून आणखी एक हात मारतात. स्टेशनच्या जिन्यांच्या कडेला जी खरखरीत पट्टी चिकटवलेली असते, तिच्यावर हात फिरवून बघा, साधारण तसा स्पर्श.

आमच्या बोटीवर दोन्ही होते. खाली साच्यातले शंकरपाळे, वर जुन्या ऑइल पेंटचा एक हात, आणि त्यावर आम्ही मारलेला वाळूचा रंग.

४:५० – पॉलिश पेपर इथे का फसतो

घरचं दार रंगवायचं असेल तर काय करतो आपण? पॉलिश पेपर घेतो, घासतो, धूळ झटकतो, रंग मारतो. आम्हीही तेच केलं. मित्राने भाड्याने घासायचं मशीन आणलं, अर्ध्या तासात डेक मस्त मॅट दिसायला लागला.

दिसायला! कारण मशीनचा पॅड सपाट. तो फक्त उंचवट्यांच्या टोकांवरून फिरला. खाचांना त्याने हातसुद्धा लावला नाही. वरून बघणाऱ्या डोळ्याला टोकंच दिसतात, म्हणून सगळा डेक घासल्यासारखा वाटला. प्रत्यक्षात दोन वाईट गोष्टी एकदम झाल्या. टोकं झिजली, म्हणजे पकड कमी झाली. आणि खाचांत वर्षानुवर्षांचं तेल, मीठ, मासळीचा मळ तसाच राहिला, म्हणजे नवा रंग मळावर बसला.

आमच्या भाषेत सांगायचं तर, टेस्ट फक्त होमपेजची केली आणि सगळं ॲप चालतंय असं समजून रिलीज केलं.

मोबाइलचा यात एक साधा उपयोग आहे. संध्याकाळी अंधार पडला की टॉर्च चालू करा आणि मोबाइल डेकला जवळजवळ आडवा टेकवून उजेड पाडा. तिरप्या उजेडात प्रत्येक खाच वेगळी दिसते. चमकणारी खाच म्हणजे तिथे घासलं गेलेलं नाही. फोटो काढून झूम करा. दुसऱ्या वेळी आम्ही हे आधी केलं, आणि स्वतःच्याच कामाची लाज वाटली.

७:१० – पहिला निर्णय : ठेवायचं की काढायचं

ब्रश हातात घेण्याआधी तीन गोष्टी तपासा.

एक, जुना रंग धरून आहे का? चाकूच्या टोकाने खाचेत टोचा, उंचवट्यावर नाही. रंग पापुद्र्यासारखा उचलला जात असेल तर त्यावर दुसरं काहीही मारू नका. चौकोनी रेघा पाडून त्यावर चिकटपट्टी लावून ओढायची एक चाचणी तुम्ही व्हिडिओत बघितली असेल. ती सपाट रंगासाठी ठीक आहे. खरखरीत पृष्ठभागावर पट्टी खाचांपर्यंत पोचतच नाही, त्यामुळे ‘पास’ असा खोटा निकाल येतो.

दोन, खाचा उरल्यात का? रंग पातळ असतो, उंचवट्यावरून ओघळून खाचेत साचतो. समजा दाण्यांची उंची ०.३ मिलिमीटर आहे आणि प्रत्येक वेळी खाचेत ०.०५ मिलिमीटर रंग जास्तीचा साचतोय. मग सहा हातांत खाच भरली. डेक रंगीत दिसेल, पण त्याचं कामच संपलेलं असेल. असे थर चढले असतील तर खरवडून खाली जाण्याला पर्याय नाही. विमानवाहू युद्धनौकांच्या डेकवर इपॉक्सीमध्ये कडक दाणे घातलेला थर असतो. अमेरिकन नौदल तो झिजला की त्याच्यावर थर चढवत बसत नाही, प्रचंड दाबाच्या पाण्याने खरवडून काढतं आणि नवा लावतं. त्यांना परवडतं म्हणून नाही, तर वर चढवलेला थर खालच्या थराइतकाच मजबूत असतो म्हणून.

तीन, खालचा डेक ठीक आहे का? स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. टणक ‘टक्‌’ आला तर चांगलं. मध्येच ‘ढप्‌’ असा पोकळ, मेलेला आवाज आला, किंवा पायाखाली मऊ लागलं, तर आत पाणी शिरलंय किंवा थर सुटलेत. बहुतेकदा हे स्क्रूच्या भोकांजवळ सापडतं. आधी ती दुरुस्ती. रंग हा त्यावरचा इलाज नाही, रंगाने फक्त ते लपतं.

आमच्या डेकवर आम्ही मारलेला वाळूचा थर खाचांतून सहज उचलला जात होता. निर्णय सोपा झाला. तो पूर्ण काढायचा. आणि गंमत बघा, खरवडायची पत्ती लावली की पट्टेच्या पट्टे निघत होते. इतकं सोपं निघतंय याचं वाईट वाटत होतं, कारण याच रंगावर काका रोज उभे राहत होते.

पत्तीबद्दल एक सूचना. तिचे दोन्ही कोपरे आधी कानशीने गोल करून घ्या, नाहीतर जेलकोटमध्ये ओरखडे पडतात. हीट गन फायबरवर नको, खालचं रेझिन खराब होऊ शकतं. आणि रंग काढायचं कुठलंही केमिकल फायबरवर वापरू नका. फायबरला चालतं असं डब्यावर स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घ्या.

१०:३० – आधी धुवा, मग घासा. उलटं नाही!

माझ्या मते या एपिसोडमधलं सगळ्यात कामाचं वाक्य हेच आहे. तेलकट पृष्ठभाग घासला तर तेल निघत नाही. घासताना पडलेल्या बारीक ओरखड्यांत ते आणखी खोल जाऊन बसतं. मग कितीही पुसा.

क्रम असा :

पहिलं, भरपूर साधं, गोडं पाणी. गरम नको. माशांच्या बुळबुळीत थरात प्रथिनं असतात, आणि अंड्याचं जे तव्यावर होतं तेच त्यांचं गरम पाण्याने होतं. म्हणून आधी थंड पाण्याने तो थर सोडवून घ्या. आणि पाणी खरंच गोडं आहे ना ते बघा. किनाऱ्याजवळच्या बोअरचं पाणी बऱ्याचदा मचूळ असतं. त्याने धुतलं की मीठ धुवायला मीठच वापरल्यासारखं होतं. मीठ रंगाखाली राहिलं तर ते रंगातून ओल ओढून घेतं आणि काही महिन्यांत फुगे येतात.

दुसरं, धुण्याचा सोडा किंवा चांगला डिटर्जंट, आता कोमट पाण्यात. सोडा तेल-चरबी सोडवतो. हातात रबरी मोजे घाला. डेकवर ॲल्युमिनियमच्या पट्ट्या असतील तर सोड्याचं पाणी त्यांच्यावर साचू देऊ नका, ॲल्युमिनियम खराब होतं. दहा मिनिटं भिजू द्या, मग ताठ नायलॉनच्या ब्रशने चारही दिशांनी घासा. चार दिशा का? शंकरपाळ्याच्या खाचेला चार भिंती असतात. एकाच दिशेने ब्रश मारला तर एक भिंत स्वच्छ होते आणि समोरची तशीच राहते.

तिसरं, पुन्हा गोडं पाणी. फेस पूर्ण जाईपर्यंत, आणि मग आणखी एकदा. गाडी धुवायचा प्रेशर पंप असेल तर छान, खाचांत चांगला पोचतो. फक्त नोझल अगदी जवळ धरू नका आणि स्क्रूच्या भोकांवर मारू नका, पाणी आत घुसेल.

आता परीक्षा. स्वच्छ पाणी डेकवर ओता आणि बघा. पाणी एकसंध पसरलं तर पृष्ठभाग स्वच्छ. थेंबथेंब होऊन आकसलं, अळवाच्या पानावर होतं तसं, तर तिथे अजून तेल किंवा मेण आहे. यात एक फसगत आहे. डिटर्जंट नीट निघाला नसेल तर तेलकट जागेवरसुद्धा पाणी पसरतं. म्हणून परीक्षा नेहमी शेवटच्या गोड्या पाण्याच्या धुण्यानंतरच. आम्हाला काही जागी तीनदा धुवावं लागलं. जिथे जाळ्याचा ढीग पडतो आणि जिथे डिझेलचा कॅन ठेवतात, त्या दोन जागी.

१४:०० – घासायचं कशाने?

आता घासणं. उद्देश एकच, खाचेच्या तळापर्यंत बारीक ओरखडे पाडायचे, म्हणजे नव्या रंगाला धरायला जागा मिळते. उंचवटे कापायचे नाहीत.

त्यासाठी पृष्ठभागाप्रमाणे वाकणारं काहीतरी पाहिजे. ड्रिलला लागणारे नायलॉनचे ब्रश मिळतात, ज्यांच्या केसांतच घासणारी कणी असते. ते सर्वांत उपयोगी. हार्डवेअरच्या दुकानात विचारा. दुसरं म्हणजे मरून रंगाचा, गॅरेजवाले वापरतात तो घासायचा पॅड. तो मऊ असतो, बोटांनी दाबला की खाचेत शिरतो. आम्ही मोठ्या जागेला ड्रिलचा ब्रश आणि कडेकोपऱ्यांना हाताने पॅड असं केलं. पॉलिश पेपर फक्त कडेच्या गुळगुळीत पट्ट्यांवर.

स्टीलचा तारेचा ब्रश मात्र नको. तारेचे बारीक तुकडे खाचांत अडकतात, खाऱ्या हवेत गंजतात आणि नव्या पांढऱ्या डेकवर तांबडे ठिपके उमटतात. स्टील वूलचंही तेच.

कुठे खड्डा किंवा जुनं भोक असेल तर इपॉक्सी पुट्टीने भरा. पण पुट्टीची जागा गुळगुळीत होते हे विसरू नका. खरखरीत डेकच्या मधोमध तळहाताएवढा गुळगुळीत तुकडा हा सगळ्यात धोकादायक, कारण पाय तिथे विश्वासाने पडतो. रंग मारताना त्या जागी वेगळे दाणे टाकावे लागतील, म्हणून तिथे पेन्सिलने खूण करून ठेवा.

घासून झालं की धूळ ब्रशने झटकू नका, ती एका खाचेतून उडून दुसऱ्या खाचेत बसते. व्हॅक्यूम क्लीनर लावा, मग ओल्या चिंधीने पुसा, मग टॉर्चची परीक्षा पुन्हा.

१६:४० – थिनरची चिंधी

शेवटचं पुसणं थिनरने. इथे दोन चिंध्या लागतात. एका हातात ओली, दुसऱ्या हातात कोरडी. ओलीने पुसा आणि थिनर उडून जायच्या आत कोरडीने टिपा. एकाच चिंधीने पुसत राहिलात तर तेल विरघळतं, पसरतं, आणि थिनर उडाला की तिथेच परत बसतं. चिंध्या सारख्या बदला. डेक खरखरीत आहे, चिंधीचे धागे अडकतात, म्हणून जुना सुती टी-शर्ट बरा, टॉवेल नको.

आणि जुना रंग ठेवणार असाल तर आणखी एक तपासणी. थिनरमध्ये भिजवलेली चिंधी जुन्या रंगाच्या एका कोपऱ्यावर दहा मिनिटं ठेवा. रंग सुरकुतला किंवा चिंधीला लागला तर तो साधा, एकाच डब्यातला रंग आहे. त्यावर दोन डबे मिसळून लावायचा कडक रंग मारला तर त्यातला तीव्र थिनर खालचा रंग उचकटून टाकतो. मग एकतर साधाच रंग लावा, नाहीतर जुना काढा.

१८:३० – ओल, आणि तुमच्या मोबाइलमधला एक आकडा

आता मुंबईचा खरा प्रश्न. महाराष्ट्रात यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारी बंद असते. बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या, हाताशी वेळ, म्हणून दुरुस्ती आणि रंग याच काळात. पण मान्सून मुंबईत यायची सरासरी तारीख आहे ११ जून. २०२५ साली तर तो २६ मेलाच हजर झाला. म्हणजे ज्या दिवसांत वेळ आहे, त्याच दिवसांत हवा सर्वांत दमट.

आम्ही जुलैमध्ये वर ताडपत्री बांधली आणि खूश झालो. ताडपत्री पाऊस अडवते, दमट हवा अडवत नाही.

हवामानाच्या ॲपमध्ये खाली कुठेतरी ‘ड्यू पॉइंट’ असा आकडा असतो. मराठीत दवबिंदू. ज्या तापमानाला हवेतली वाफ पृष्ठभागावर पाणी म्हणून बसते, ते तापमान. फ्रिजमधून काढलेली बाटली बाहेरून ओली होते ना, तेच. रंगकामातला नियम असा की पृष्ठभागाचं तापमान दवबिंदूपेक्षा कमीत कमी ३ अंश सेल्सिअस जास्त पाहिजे.

आता गणित करू. जुलैची दुपार धरा, तापमान २८ अंश, आर्द्रता ८५ टक्के. दवबिंदू येतो साधारण २५.२. फरक तीनपेक्षा कमी! म्हणजे पाऊस पडत नसला तरी तो दिवस नापास. मेमधला दिवस धरा, ३३ अंश आणि ६० टक्के. दवबिंदू साधारण २४.२, फरक जवळजवळ नऊ अंश. हा दिवस पास. आणि लक्षात घ्या, नियम पृष्ठभागाच्या तापमानाचा आहे. पहाटे डेक हवेपेक्षा थंड असतो, म्हणून सकाळी लवकर रंग मारायचा मोह टाळा. ऊन चढू द्या, डेक कोरडा होऊ द्या. पण पाय भाजेल इतका तापला तर थांबा, रंग पसरायच्या आधीच वाळेल. चार वाजायच्या सुमारास आवरतं घ्या.

डेकच्या आत ओल आहे का, हे बघायला सिमेंटच्या लादीसाठी वापरतात ती युक्ती करा. पारदर्शक प्लास्टिकचा हातभर तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी आतल्या बाजूने थेंब दिसले तर अजून सुकायचं आहे.

दुसऱ्या वेळी आम्ही हे सगळं घेऊन काकांकडे गेलो आणि म्हटलं, बोट मेच्या मध्यातच वर घ्यायला लागेल. म्हणजे बंदीच्या आधीचे पंधरा दिवस मासेमारी सोडायची. माझ्या मित्राने तोंड उघडलं नाही, कारण त्याला घरचा हिशेब माहीत होता. काकांनी बराच वेळ मनगट चोळलं. मग म्हणाले, “पंधरा दिवस गेले तर गेले. डिसेंबरात पंचेचाळीस गेले होते.”

२२:१० – स्वतःची आणि किनाऱ्याची काळजी

थोडक्यात पण महत्त्वाचं. घासताना चष्मा आणि एन-९५ मास्क लावा, फायबरची धूळ घशाला, डोळ्याला, कातडीला त्रास देते. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. थिनर आणि दोन डब्यांच्या रंगाच्या वाफेला साधा मास्क चालत नाही. त्यासाठी वाफ शोषणाऱ्या कॅनिस्टरचा मास्क लागतो. ताडपत्री दोन बाजूंनी उघडी ठेवा.

जुना रंग किती जुना आहे माहीत नसेल तर त्यात शिसं आहे असं धरून चाला. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम करणारा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगांबद्दल, आणि घरगुती नसलेल्या रंगांबद्दल, खात्री देता येत नाही. म्हणून असा रंग कोरडा घासू नका, ओला करून घासा.

आणि पोपडे! खाली प्लास्टिक अंथरा, सगळे गोळा करा, गोणीत भरा. वर्सोव्याच्या याच किनाऱ्यावर २०१५ पासून ॲडव्होकेट अफरोज शाह आणि हजारो लोकांनी वाकून वाकून कचरा उचललाय. आपल्या रंगाचे तुकडे तिथे भरतीला सोडून देणं बरं दिसत नाही. आणि जिथून मासळी आणायची तिथे ते टाकणं शहाणपणाचंही नाही.

२४:२० – तुमचे प्रश्न

मुलुंडहून एका श्रोत्याने विचारलंय, “बोट नाही, पण गच्चीच्या जिन्यावर असाच खरखरीत रंग आहे. हेच सगळं चालेल का?” खाचांचं तत्त्व तेच. धुणं, चार दिशांनी ब्रश, पाण्याची परीक्षा, दवबिंदू, सगळं लागू. फक्त सिमेंट पाणी पितं, त्यामुळे तिथे थेंबांची परीक्षा कमी भरवशाची आणि सुकायला वेळ जास्त.

बोरिवलीहून एकीने विचारलंय, “गोराईला मामाची बोट आहे, तो समुद्राचीच वाळू रंगात घालतो. चूक आहे का?” ताई, आम्हीही तेच केलं होतं. त्या वाळूत मीठ असतं आणि शिंपल्यांचा चुरा असतो, तो पायाखाली भुगा होतो. वर किनाऱ्यावरची वाळू उचलणंही बरोबर नाही. रंगाच्या दुकानात अँटी-स्किडचे तयार दाणे मिळतात. मामांना तेवढा खर्च करायला सांगा.

आणखी एक : “चिकटपट्टी लावली तरी रंग खालून पसरतो.” पसरणारच, पट्टी उंचवट्यांवर पुलासारखी टेकलेली असते, खाली बोगदे उघडे. पट्टी शक्यतो कडेच्या गुळगुळीत भागावर लावा, नखाने दाबा, आणि उन्हात दोन दिवस ठेवू नका, गोंद डेकवरच राहतो.

२६:५० – स्क्रीनशॉट काढून ठेवा

१. ठोकून बघा, खाचेत टोचून बघा. ठेवायचं की काढायचं ते ठरवा.
२. थंड गोडं पाणी, मग सोडा आणि चार दिशांनी ब्रश, मग पुन्हा गोडं पाणी.
३. पाण्याची परीक्षा. थेंब दिसले तर पुन्हा धुवा.
४. वाकणाऱ्या ब्रशने आणि पॅडने घासा. स्टीलची तार नको, सपाट मशीन नको.
५. व्हॅक्यूम, ओली चिंधी, तिरपा टॉर्च.
६. खड्डे भरा, पुट्टीवर खूण करा, सुकू द्या. रात्रभर प्लास्टिकची परीक्षा.
७. दोन चिंध्या, थिनर. त्यानंतर डेकवर हात किंवा अनवाणी पाय नको, अंगाचं तेलही लागतं.
८. पृष्ठभाग आणि दवबिंदू यात ३ अंशांचा फरक. असेल तरच डबा उघडा.

आमच्या चाळीसेक चौरस फूट डेकला यात पाच दिवस गेले. रंग मारायला एक दिवस. पहिल्या वर्षी हेच प्रमाण उलटं होतं.

रंग पूर्ण वाळल्यावर काकांनी काय केलं सांगतो. आम्ही फोटोसाठी मोबाइल काढत होतो, तेवढ्यात त्यांनी बादलीभर साबणाचं पाणी डेकवर ओतलं आणि अनवाणी चढले. पुढे गेले, वळले, टाच रेटून बघितली. मग वाकून खाचेत नख घालून थोडं खरवडलं. काही निघालं नाही. बोलले काहीच नाहीत, उतरून जाळं शिवायला बसले.

फोटो राहिलाच काढायचा. दाणे किती जाड घ्यायचे, पसरायचे कसे आणि किती हात मारायचे, हे पुढच्या एपिसोडमध्ये. तुमच्या घरी, कोळीवाड्यात, वाडीत कुणी बोट रंगवत असेल तर हा एपिसोड त्यांना पाठवा, आणि त्यांची जुनी पद्धत काय होती ते मला कळवा. त्यात माझं काही चुकलं असेल तर तेही सांगा. भेटू, तोवर जपून पाय टाका!